टोपलीत गेलेलं पान

मी एक जुनी वेताची टोपली आहे, एका लेखकाच्या टेबलाखालची. मित्रांनो, नको असलेले कागद पोटात घ्यायचे, एवढंच माझं काम. मला गोष्ट नीट सांगता येईल का, शंकाच आहे. जमेल तशी सांगते.

विणणाऱ्याने मला घट्ट विणलं होतं. आता एका बाजूचा वेत सुटला आहे. आमचे लेखक दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासत आणि सुट्टीच्या दिवशी गोष्टी लिहीत. विषय सुचला नाही की पेन्सिलीला टोक करत बसत. मग माझ्यात नुसती सालपटं पडत.

दर रविवारी त्यांची थोरली बहीण यायची. मोठी फटकळ बाई! "सुचत नाही म्हणे! अरे, दहा मिनिटं जिन्यात उभा राहा. चार गोष्टी आपल्या पायांनी वर येतील."

एकदा लेखकांनी तिच्यावरच गोष्ट लिहिली. वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून खालच्या मजल्यावरच्या शेजारीण वहिनींशी वर्षानुवर्षं भांडणारी बाई. गोष्टीत एक पान असंही होतं, की वहिनींची दृष्टी गेल्यावर हीच बाई रोज दुपारी खाली जाऊन त्यांना वाचून दाखवते, आणि मधेमधे भांडतेही.

संपादक म्हणाले, "बाई धड दुष्ट तरी करा, नाहीतर धड चांगली. वाचक गोंधळतो."

लेखकांचा स्वतःवर विश्वास कमीच. त्यांनी ते पान चुरगाळलं. ते माझ्यात पडलं आणि सकाळी केरात गेलं.

गोष्ट छापून आली. "काय कजाग बाई उभी केलीत!" असं कौतुकही झालं.

पुढच्या रविवारी ताई आली, पण बसली नाही.

"भावाची गोष्ट म्हणून वहिनींना मोठ्या तोऱ्यात वाचायला घेतली. अर्ध्यात कळलं, ही मीच. मग म्हटलं, छपाई पुसट आहे, पुढचं दिसत नाही."

"ताई..."

"खोटं नाही लिहिलंस रे. मी आहेच तशी. पण एवढीच आहे का?"

"एक पान होतं, ताई. खरंच होतं." लेखकांनी वाकून माझ्यात हात घातला. हाताला सालपटं लागली.

त्यानंतर ताई आली नाही. रविवारी खुर्ची मात्र पुसून ठेवलेली असते.

लेखक ते पान पुन्हा लिहितात. दर वेळी ते माझ्यातच येतं, कारण आता त्यांच्या हातून ताई फार गोड होते. भांडतच नाही. तीही ताई नव्हे, हे त्यांनाही कळतं.

मित्रांनो, तुम्हीही कधी गोष्ट लिहाल. माणूस घ्याल तर सबंध घ्या, भांडणासकट आणि मायेसकट. आणि कुणाचं पान चुरगाळलंत, तर मला रिकामी करण्याआधी एकदा वाकून बघा. मला काही धरून ठेवता येत नाही.