दोन खोल्यांमधला दर्या

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. सध्या माझ्यात कांदे भरलेले असतात, पण म्हणून मला कांद्याची टाकी म्हणाल तर मला ते मुळीच चालणार नाही. एके काळी माझ्या पोटात दर्या होता. खरा, खारट, जिवंत दर्या! आणि तोही बोईसरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत. विश्वास बसत नाही ना? तेव्हाही कुणाचा बसला नव्हता.

माझा जन्म १९८२ सालचा, दिवाळी होऊन गेल्यानंतरचा. स्टेशनाजवळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पट्ट्या जोडून माझा सांगाडा उभा राहिला. काचा बसवल्या कृष्णकांतने. कृष्णकांत कारखान्यात फिटर होता, हाताचा सफाईदार, पण खाऱ्या पाण्याशी त्याची ओळख नव्हती. पहिल्यांदा मला भरलं तेव्हा मी चारी कोपऱ्यांतून गळले. दुसऱ्यांदा तीन कोपऱ्यांतून. कृष्णकांत म्हणाला, "पारू, राहू दे आता. आपण भिंतीवर समुद्राचं कॅलेंडर लावू." त्याची बायको पारू पदर खोचून फरशी पुसत होती. मान वर न करता ती म्हणाली, "एक कोपरा सुधारला ना? म्हंजे तीनच राह्यले. भरा फटीत लांबी." बाई अशी होती! तिसऱ्यांदा मी एक थेंबही गळले नाही. माझी हिंमतच झाली नाही.

हा सगळा खटाटोप पारूच्या वडलांसाठी चालला होता. नवशा तांडेल, दातिवऱ्याचे. चाळीस वर्षं होडी हाकलेला माणूस. पावसाळ्याआधी होडी वर ओढताना ती कलंडली आणि त्यांच्या उजव्या पायावर आली. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पारूने त्यांना बोईसरला आणलं. तेव्हापासून नवशा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. कोपऱ्यात दोन नव्या कुबड्या उभ्या होत्या, त्यांना त्यांनी बोट लावलं नव्हतं. ताटातलं निम्मं जेवण परत जायचं. कधी मध्येच विचारायचे, "पारू, आज तिथी कंची?" तिथी कळली की मनात हिशेब करून पुटपुटायचे, "म्हंजे आता भरती लागली." एवढंच त्यांचं बोलणं. बापाला दर्यावर नेता येत नाही, तर दर्या बापाकडे आणायचा, असं पारूने ठरवलं आणि मी या घरात आले.

पारू बोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला होती. एका रविवारी ती दोन मोठे कॅन घेऊन एसटीने चिंचणीच्या किनाऱ्याला गेली आणि पाणी भरून आली. कंडक्टर म्हणाला, "बाई, बोईसरला नळ नाहीत का?" पारू म्हणाली, "हायेत. पन त्यात दर्या येत नाय." ते पाणी माझ्यात ओतलं आणि मी अशी गढूळ झाले की माझ्यातून पलीकडची भिंत दिसेना. पारू हिरमुसली. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"उधानाचं पानी आनलंस?"

नवशांनी मान वळवली होती! बोईसरला आल्यापासून पहिल्यांदा.

"आज पुनव ना? उधानात दर्या तळापासनं घुसळतो, सगला गाळ वर येतो. भांगाला जावं, भरती बारकी असते तवा. अष्टमीला. तवा पानी निवळ असतं. तांडेलाची पोर ना गं तू?"

"बाबा, सुटी रविवारीच असते."

"दर्याला रविवार कळत नाय."

पारूचे डोळे भरून आले, पण ती हसत होती. दुसऱ्याच दिवशी तिने कारखान्यातल्या मैत्रिणीशी सुटी बदलून घेतली आणि अष्टमीला पुन्हा गेली. या वेळी पाणी आरशासारखं आलं.

मग माझा संसार सुरू झाला. तळाला शिंपल्यांचा चुरा आणि वाळू घातली. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांतून पारूने दोन चिमुकले ठिपक्यांचे मासे धरून आणले, शंखात घर केलेला एक खेकडा आणला, आणि सात कोळंब्या. त्या इतक्या पारदर्शक की त्यांच्या पोटातलं खाणं बाहेरून दिसायचं. आणि आणला एक दगड. त्याच्यावर हिरवट रंगाची, शर्टाच्या बटणाएवढी फुलं चिकटली होती. मित्रांनो, ती फुलं नव्हती बरं का! ते प्रवाळाच्या कुळातले जीव होते. सकाळी ऊन आलं की ते उमलायचे आणि बोट लावलं की मिटायचे. हवा सोडणारा एक लहानसा पंप दिवसभर गुरगुरत असायचा. वीज गेली की पंप बंद, आणि वीज तर रोजच जायची. मग खाट माझ्याजवळ ओढून घेऊन नवशा पेल्याने माझंच पाणी काढून वरून धार धरायचे, पाण्यात हवा जावी म्हणून. तासतासभर! हात दुखला तरी पेला कुणाला देत नसत.

आता पारूला वाटलं, बाबा कुबड्याही घेतील. तिने विषय काढला आणि नवशांचा चेहरा पुन्हा बंद झाला.

"ह्या कोळंब्या बघ," ते म्हणाले. "माज्यावानीच दर्यातनं उपटून आनल्यात. होळीपर्यंत एक तरी जगली तं कुबड्या घेईन, तू म्हनशील तसा राहीन. नाय जगली तं मला दातिवऱ्याला नेऊन सोडायचं. परत न्याया यायचं नाय. बोल!"

दातिवऱ्याचं घर रिकामं होतं. तिथे त्यांना पाण्याचा तांब्या द्यायलाही कुणी नव्हतं. तिथे जायचं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं आणि पारूलाही. 

"ठरलं," ती म्हणाली. "पन मी हरनार नाय."

माझ्यातलं पाणी रोज थोडं उडून जायचं. नवशा म्हणाले, "मिठागरात बघ, पानी उडतं नि मीठ मागं ऱ्हातं. हितंबी तसंच. वर खारं पानी टाकलं तं मीठ वाढंल. रोज एक लोटा गोडं पानी टाकायचं." पारू तर दिवसभर कामावर. म्हणून तिने शेजारच्या रखमामावशीला सांगितलं. रखमामावशी मूळची वाणगावची, एकटीच राहायची, आणि अख्ख्या चाळीत तिच्याइतकी मायाळू बाई नव्हती. दुपारी नवशांचा डोळा लागलेला असायचा. त्यांची झोप मोडू नये म्हणून ती मांजराच्या पावलांनी यायची, माझ्यात लोटाभर पाणी ओतायची, "प्या गं बायांनो," असं कोळंब्यांना हळूच म्हणायची आणि जायची. मला ती फार आवडायची. आजही आवडते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावर रागवाल.

पंधरा दिवसांत पहिली कोळंबी मेली. मग दुसरी. फुलं मिटली ती उमलेनात. शंखातला खेकडा अर्धा बाहेर लोंबकळून मेला. मासे मात्र खुशाल फिरत होते! पारूने माझं सगळं पाणी उपसलं, अष्टमीला जाऊन नवं आणलं, नव्या पाच कोळंब्या आणल्या. त्याही एकेक करून आडव्या पडायला लागल्या. कृष्णकांत म्हणाला, "लोखंडाचा गंज उतरत असेल." दोघांनी मला रंगाचे तीन हात दिले. तरी मरणं थांबेना. पारूने खाणं बदललं, माझी जागा बदलली, पंपाची नळी बदलली. शेजारीपाजारी म्हणू लागले, सोड ना नाद, दर्या कधी घरात राहतो का?  पारू रोज सकाळी मेलेली कोळंबी चमच्याने काढायची, बापाच्या नजरेला नजर न देता बाहेर न्यायची आणि कामावर जायची.

होळी दहा दिवसांवर आली तेव्हा माझ्यात एकच कोळंबी उरली होती. नवशांनी आपली ट्रंक भरून ठेवली. ते पारूला एक शब्दही टोचून बोलले नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. मलाही लागलं. अहो, माझ्यासमोर सगळं घडत होतं, पण मला तरी कुठे कळत होतं! आणि कळलं असतं तरी बोलणार कुठल्या तोंडाने?

त्या दिवशी भर दुपारी वीज गेली. पंप थांबला. त्याच्या गुरगुरण्याची नवशांना इतकी सवय झाली होती की ते गप्प होताच त्यांना जाग आली. पेला घ्यायला त्यांनी हात पुढे केला आणि समोर बघितलं. रखमामावशी माझ्याजवळ उभी होती. तिच्या कमरेवर तांब्याची कळशी होती, नुकतीच चिंच लावून घासलेली, लखलखीत. लोटाही तांब्याचाच. हातपंपावरचं साधं पाणी माझ्यात टाकणं तिला पटत नव्हतं. घरात तिने देवासाठी आणि पाहुण्यासाठी भरून ठेवलेलं जे सगळ्यात चांगलं पाणी, ते ती रोज माझ्या लेकरांना आणून देत होती.

"रखमाबाय!" नवशा ओरडले. "थांब! ते पानी नको!"

रखमामावशीला कमी ऐकू यायचं. तिने लोटा कळशीत बुडवला.

मित्रांनो, पुढे जे झालं ते मी माझ्या चारी काचांनी पाहिलं. नवशांनी कोपऱ्यातल्या कुबड्या ओढल्या, काखेत मारल्या आणि ते उठले. एक पाऊल टाकलं, तोल गेला, खांदा भिंतीवर आपटला. पुन्हा उभे राहिले. दुसरं पाऊल. तिसरं. लोटा माझ्यावर तिरका झाला होता तेवढ्यात त्यांनी तो वरच्या वर धरला.

रखमामावशी घाबरून मागे सरली. मग तिने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "नवशादादा, तुमी हुबे हायसा!"

"ते ऱ्हाऊ दे!" ते धापा टाकत म्हणाले. "होडीच्या तळाला आमी तांब्याचा रंग कशाला लावतो म्हाईत हाय? त्यानं लाकडाला शिंपली धरत नाय, कायच धरत नाय, सगलं मरतं. मासा थोडं सोसतो. कोळंबीला नाय सोसत. नि मी हितं बसून भिंत बघत ऱ्हायलो!"

रखमामावशी मटकन खाली बसली. "माज्या घरातलं सगल्यात चांगलं पानी दिलं मी," ती म्हणाली, आणि लहान मुलासारखी रडायला लागली. "मीच मारलं त्यांना!"

आता ते तिला बोलतील असं मला वाटलं. पण नवशांचा आवाज मऊ झाला. "चांगलंच होतं गं, बाय. मान्साला चांगलं. तू काय मारायला आनलंस? ऊठ. आधी ती बालदी दे, नि त्या कॅनमधलं दर्याचं पानी ओत. ही एक तरी वाचवू."

संध्याकाळी पारू दारात आली तेव्हा तिचे बाबा कुबड्यांवर उभे राहून बालदीत वाकून बघत होते. तिच्या हातातला डबा खाली पडला. "काय बघतेस?" ते खेकसले. "उद्या सगली वाळू फेकून दे. दगडबी. परत पयल्यापासनं करायचं."

आणि आम्ही पहिल्यापासून केलं. होळीच्या दिवशी सकाळी ती एकटी कोळंबी तळाशी आडवी, पांढरी फटक दिसली. चाळीतल्या बाया हळहळल्या. पारूने चमचा उचलला. नवशा मात्र खो खो हसले. "अगं, ही तिची कात हाय! मोठी झाली ती. ती बघ दगडाआड!" खरंच, ती नव्या अंगाने दगडामागे मिशा हलवत बसली होती. तेव्हा चाळीत जो गलका झाला, त्याने माझ्या काचा थरथरल्या.

पुढची अकरा वर्षं माझी भरभराटीची होती. मे महिन्यात पारू आणि कृष्णकांत कॅन भरभरून पाणी आणून खाटेखाली ठेवायचे, कारण पावसात दर्या गढूळ होतो आणि त्याचा खारेपणा उतरतो. हिरव्या फुलांनी तीन दगड झाकले. मनोरकडची शाळा मला बघायला आली, ज्यांनी कधी समुद्र पाहिला नव्हता अशी मुलं. नवशा कुबडीने एकेक जीव दाखवत त्यांना गोष्टी सांगायचे. गोड्या पाण्याचं काम रखमामावशीचंच राहिलं. फक्त त्यासाठी तिने मातीचा वेगळा माठ आणला आणि त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

१९९४ च्या थंडीत नवशा खाटेला खिळले. शेवटच्या दिवशी चाळ गोळा झाली. रखमामावशी घरी गेली आणि देव्हाऱ्यातलं गंगाजल घेऊन आली, तांब्याच्या गडूतून, जसं सगळे देतात तसं. पण दारातच तिचे पाय अडले. तिने गडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"पारू," ती म्हणाली, "दादाला कंचं पानी चालंल गं?"

पारू उठली. तिने चमचा माझ्यात बुडवला आणि बापाच्या ओठांवर दर्याचं पाणी टेकवलं. नवशांनी ओठ चाटले. "भांगाचं हाय," ते अगदी हळू म्हणाले, आणि हसले.

आता माझं लोखंड गंजलंय, एक काच तडकलीय आणि माझ्यात कांदे आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात मासा येईल, पाखरू येईल, रोप येईल, नाहीतर गाव सुटलेलं एखादं म्हातारं माणूस येईल. त्याला तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं जरूर द्या. पण रखमामावशीसारखं आधी दारात थांबा, आणि विचारा, तुला कुठलं पाणी चालेल?