तीन दिवसांचा जेवणाचा प्लॅन

थीम पार्कात आगाऊ पैसे भरून घ्यायचा जेवणाचा प्लॅन गिऱ्हाइकाला परवडत नाही, हे शिरीष दीक्षितला तो विकत घेण्यापूर्वीच ठाऊक होते. परवडत असता, तर पार्कने तो विकायला ठेवला नसता. माणशी रोज दोन जेवणे, मधले एक खाणे आणि दिवसभर पुन्हा पुन्हा भरून मिळणारा सरबताचा पेला, एवढे सगळे ज्याच्या पोटात जाईल त्याचे पैसे जेमतेम वसूल होतात. उन्हात दोन पाळण्यांत बसून मळमळणाऱ्या सामान्य माणसाचे होत नाहीत. शिरीष सिडनीतल्या वेस्टमीडच्या एका संशोधन संस्थेत संख्याशास्त्रज्ञ होता आणि लोकांची गृहीतके तपासणे हे त्याचे पोटापाण्याचे काम होते. तरीही २०२२ च्या जानेवारीत त्याने गोल्ड कोस्टच्या एका पार्कात बायको विनीता, मुलगी सावनी आणि स्वतः अशा तिघांसाठी तीन दिवसांचा प्लॅन घेतला. त्यामागे त्याचा विचार होता.

विनीताने अट घातली होती. "तीन दिवस हिशेब नको. एकसुद्धा. सावनीने आइस्क्रीम मागितलं तर तुझ्या कपाळावरची ती आठीसुद्धा नको."

शिरीषने अटीवर शांतपणे विचार केला. आठी किंमत दिसल्यावर पडते. किंमत दिसलीच नाही, तर आठी पडायला कारण उरणार नाही. सगळे आधीच भरून टाकले, की प्रत्येक काउंटरवर होणारा निर्णय संपतो. प्लॅन तोट्याचा होता, पण त्या तोट्याच्या बदल्यात त्याला आठी नसलेले कपाळ मिळणार होते. आणि त्या कपाळावर बरेच काही अवलंबून होते.

विनीता छातीच्या विकारांची डॉक्टर. देशाच्या पार उत्तर टोकाच्या डार्विनच्या हॉस्पिटलने तिला कायमची जागा देऊ केली होती आणि बुधवारपर्यंत उत्तर कळवायचे होते. शिरीष म्हणाला होता, की त्याची संस्था घरून काम करू देते, तोही डार्विनला येऊ शकतो. त्यावर ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून म्हणाली होती, "तू येऊ शकतोस का, हे मी विचारलेलंच नाही. तू यावंस असं मला वाटतंय का, ते मला बघायचंय. फिरून येऊ, मग सांगते."

हे इथवर कसे आले, तेही शिरीषला नेमके माहीत होते. आदल्या जानेवारीत नाशिकला विनीताच्या वडिलांना, आप्पांना, कोविड झाला. देशाबाहेर जायला सरकारची परवानगी लागत होती, परत येणाऱ्या विमानांत जागा नव्हत्या, सावनी दहा वर्षांची. विनीताने बॅग भरायला घेतली तेव्हा शिरीष लॅपटॉप घेऊन तिच्याशेजारी बसला. वय एकाहत्तर, मधुमेह नाही, ऑक्सिजन ब्याण्णव. आप्पा बरे होण्याची शक्यता चौऱ्याऐंशी टक्के, आणि ती वेळेत परत येण्याची शक्यता तीसच्याही खाली. विनीता स्वतः डॉक्टर. तिला आकडे पटले. तिने बॅग रिकामी केली. बाराव्या दिवशी आप्पा गेले. तिने अंत्यविधी फोनवर पाहिला, फोनच्या उभ्या चौकटीत. आठवड्याने शिरीष तिला म्हणाला, की अंदाज चुकला नव्हता. सोळा टक्के म्हणजे शून्य नव्हे. वाक्य बिनचूक होते. त्यानंतर विनीता त्याच्याशी फक्त कामापुरते बोलू लागली, आणि कामे तरी घरात कितीशी असतात?

शनिवार-रविवार बरे गेले. शिरीषने तोंडातून आकडा काढला नाही. मनात मात्र गणित आपोआप मांडले जात होते. विकत घेताना तोटा मान्य केला होता खरा; पण मनगटावर पट्टी आली, ती काउंटरवर टेकवल्यावर यंत्र टिंग वाजू लागले, आणि प्रत्येक न वाजलेली टिंग त्याला टोचू लागली. गेलेल्या पैशापायी पुढचे निर्णय बिघडवू नयेत, हे तो दरवर्षी संस्थेत येणाऱ्या विद्यार्थ्यांना उदाहरणे देऊन शिकवत असे.

"अजून एक ज्यूस घे ना, सावनी."

"डॅड, आय अ‍ॅम लिटरली फुल."

"अर्धा घे."

विनीता तेव्हा समुद्रसिंहांच्या खेळाकडे बघत होती. तिने ऐकले नसावे, असे शिरीषने मानले.

सोमवारी सकाळी विनीताने हॉटेलात काहीच खाल्ले नाही. "नको मला," एवढेच म्हणाली. पार्कात अकरा खाण्याच्या जागांपैकी चार उघड्या होत्या. बाकीच्यांच्या दारांवर कर्मचारी विलगीकरणात असल्याचे कागद चिकटवलेले. पट्टीवरचे दुपारच्या जेवणाचे कूपन तीन वाजेपर्यंतच चालणार होते. उघड्या जागांपुढच्या रांगा झाडांच्या सावलीबाहेर जाऊन पुन्हा वळून सावलीत येत होत्या, आणि रांगेतला जो तो खोकणाऱ्याकडे वळून बघत होता.

दोन वाजता विनीता म्हणाली, "अडीचला दादाचा फोन आहे. जरा शांत जागा बघू या. आणि तूही थांब."

दादा म्हणजे नाशिकचा प्रताप, तिचा थोरला भाऊ. त्याचा फोन दर सोमवारी यायचाच.

"तुम्ही बसा ना," शिरीष म्हणाला. "तोवर मी जेवण आणतो. तीनला कूपन बाद होईल."

"होऊ दे की."

"सकाळपासून तू उपाशी आहेस. तुझी दोन टिं... तुझं मधलं खाणंही गेलंय."

विनीताने मनगटावरची पट्टी सोडवून त्याच्या हातात दिली. "घे. माझंपण घे."

त्याला ती संमती वाटली. सावनीची पट्टी त्याने आधीच मागून घेतली होती.

रांगेत त्याला बेचाळीस मिनिटे लागली. पुढे पर्थहून आलेले एक कुटुंब होते. त्यांच्याकडेही हाच प्लॅन होता आणि तेही तो वसूल करायला आले होते. काउंटरवरच्या बाईने घाम पुसत सांगितले, "सॉरी लव्ह, सॅलड संपलं, रॅप संपले. बर्गर आहे, चिकन आहे, चिप्स आहेत." एका कूपनावर मिळणारा सर्वांत महाग पदार्थ चिकनचे मोठे ताट हा होता. त्याने तीन ताटे चिकनचीच घेतली. पावणेतीन झाले होते. दुपारचे एकही कूपन वाया गेले नव्हते. एकावर एक ताटे तोलत तो बऱ्यापैकी प्रसन्न मनाने परत निघाला.

तळ्यापलीकडच्या एका अंजिराच्या झाडाखाली त्या दोघी बसल्या होत्या. बाकावर नव्हे, गवतावर, मांडी घालून, बूट काढून बाजूला ठेवलेले. पाण्याच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला होता. शिरीष मागून येत होता, म्हणून त्यांना तो दिसला नाही. त्याला मात्र फोनमधला प्रतापचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"शिरीषराव नाहीत का गं?"

विनीता काही बोलायच्या आत सावनी म्हणाली, "डॅड इज गेटिंग हिज मनीज वर्थ, मामा."

तोवर शिरीष वाकला होता. आपण आलो आहोत हे कळावे, एवढाच त्याचा हेतू. पडद्यावर त्याला आधी प्रताप दिसला, सोवळ्यात, उघड्या अंगाने. मग पाटावर आप्पांचा हार घातलेला फोटो, समोर केळीचे पान, पानावर भात, वरण, खीर, वडे. गुरुजी घड्याळ बघत होते. त्यांना त्या दिवशी अजून दोन घरी जायचे होते. आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत शिरीषला स्वतःचा हसरा चेहरा दिसला, आणि त्याखाली तळलेल्या कोंबडीची तीन ताटे.

प्रतापच्या बायकोचा, मेधावहिनींचा, हात पुढे आला आणि फोनची दिशा भिंतीकडे वळली.

"असू दे, असू दे," भिंतीमागून प्रताप म्हणाला. "तुम्ही प्रवासात आहात. विनू, पाया पडलीस ना तू? मग झालं. गुरुजी म्हणतायत, पान बाहेर ठेवू या, कावळा येईल तेव्हा येईल. तू आता खाऊन घे काहीतरी."

फोन बंद झाला. शिरीषने ताटे गवतावर ठेवली. लांब काळ्या चोचीचा एक पांढरा आयबिस पक्षी कुठूनसा लगबगीने आला, वरच्या ताटातला तुकडा उचलून चालता झाला. कुणी त्याला हाकलले नाही.

"आज सतरा आहे," शिरीष म्हणाला. "आप्पा अठ्ठावीसला गेले. मी मुद्दाम अकरा दिवस आधीचं बुकिंग घेतलं, म्हणजे तुला त्या दिवशी घरी..."

"पौष पौर्णिमा आज आहे."

"हे तू मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं होतं. डिसेंबरात, गाडीत. दादा पौष पौर्णिमेला वर्षश्राद्ध करणारे म्हटलं. तू म्हणालास, नोंद करतो. माझ्यासमोर फोनमध्ये टाकलंस."

त्याने फोन काढून पाहिले. नोंद होती. 'आप्पांचे वर्षश्राद्ध', अठ्ठावीस जानेवारी, दिवसभर. तिथीचा शब्द ऐकून त्याने मनात तारीख घातली होती आणि तपासण्याची गरज त्याला वाटली नव्हती, कारण वडील गेल्याची तारीख हा सिद्ध आकडा होता. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान असते, हे त्याला शाळेपासून पाठ होते. बुकिंगसाठी त्याने सोडलेले अंतरही बरोबर अकराच दिवसांचे होते.

"सकाळी तरी आठवण करून द्यायचीस," तो म्हणाला. "मी रांगेत गेलोच नसतो."

"तूही थांब म्हटलं होतं ना. कारण सांगितल्यावर थांबायला कुणीही थांबतं, शिरीष."

"तू हे मानतेस? पौर्णिमा, कावळा?"

"नाही मानत. म्हणून काय झालं?"

सावनी उठून तळ्याच्या कठड्यापाशी गेली. आईवडील मराठीत हळू बोलायला लागले, की उठून जायचे, हे ती वर्षभरात शिकली होती.

विनीताने गवताची एक काडी खुडली. मग वर न बघता विचारले, "मी जायला हवं होतं का रे?"

शिरीषला प्रश्न कळला. उत्तर काय द्यायला हवे, तेही कळले. ते एका शब्दाचे होते आणि ते द्यायला त्याला काही खर्च पडणार नव्हता. पण तो शब्द खोटा ठरला असता. प्रश्न खरेपणाने विचारला होता, तेव्हा उत्तरही खरेच द्यावे, असे त्याला वाटले. त्याच्या स्वभावातला तो सर्वांत चांगला भाग होता, असे त्याचे मत होते.

"त्या वेळी जी माहिती होती," तो म्हणाला, "तिच्यावर निर्णय बरोबरच होता."

"बरं."

तिने फोन उचलला. ई-मेलचा मसुदा आधीच लिहून ठेवलेला असावा, कारण तिला फार टाइप करावे लागले नाही. एकदा वाचून पाहिले, एक ओळ खोडली आणि पाठवून दिला.

"हो म्हणून कळवलं," ती म्हणाली. "मी आणि सावनी. शाळेचं तिथल्या टर्मला जमेल. तू सिडनीतच राहा."

शिरीषच्या मनात आक्षेपांची यादी उभी राहिली. अकरा वर्षांच्या मुलीची शाळा, डार्विनचा पावसाळा, वर्षभराच्या थकव्यानंतर घेतलेले मोठे निर्णय पुढे कितपत टिकतात याविषयीचे संशोधन. यादी चांगली होती आणि तिच्यातला एकही मुद्दा खोटा नव्हता. त्याने तोंड उघडले तेव्हा विनीता बूट घालत होती, आणि ती मान वर न करता म्हणाली, "बोल. ऐकतेय मी."

तो बोलला. सगळे मुद्दे त्याने क्रमाने, आवाज न चढवता मांडले. तिने नाड्या बांधून होईपर्यंत ऐकून घेतले, एकदोनदा मानही हलवली, आणि मग सावनीला हाक मारायला ती तळ्याकडे निघून गेली.