उघडे नळ

“चुगली कोणी केली, तेवढं सांगा साहेब.” नळवाला दार अडवून उभा होता.

“ते सांगता येत नाही, काका. बाजूला व्हा.”

तपासनीस आत शिरला. नळवाल्याचा संशय शेजारच्या चौकीदारावर होता. खरं तर तळ्याकाठच्या प्रत्येकावरच होता. मुलाशी भांडून तो बायकोसह या लाकडी उन्हाळी घरात राहायला आला होता. नियम असा, की उन्हाळ्यापुरतं राहिलात तर पातळ भिंती चालतील. बारमाही राहायचं तर जाड भिंती, पक्कं धुराडं, दुसरं दार हवं. नाहीतर घराला सील. आजूबाजूचे बंगले वर्षभर कुलपात सडतात, त्यांना कोणी हटकत नाही. कायद्याच्या डोळ्यात खुपतो तो राहणारा माणूस!

तपासणीची कुणकुण लागताच त्याने सकाळीच शेगडी लाकडांखाली दडवली, गाद्या गुंडाळल्या. बाहेरची पाण्याची चावी बंद करून सगळे नळ उघडे ठेवले. थंडीत बंद घराचे नळ असेच ठेवतात, नाहीतर आतलं पाणी गोठून पाइप फुटतो. जन्मभर त्याने लोकांची घरं अशीच बंद केली होती. हत्यारांची पिशवी धरायला बायको सोबत असायची.

तपासनीस मोरीत थांबला. घरातल्या बाकी नळांसारखा तिथला नळही आता बंद होता. त्याने फिरवला, तर भसकन पाणी आलं.

“बंद घरात पाणी, काका?”

“साफसफाईला आलोय हो.”

“राहताय तुम्ही इथं. उद्या सील लागेल. सामान काढा.”

तो गेल्यावर नळवाला गरजला, “चावी उघडून नळ कोणी बंद केले?”

“मी.” बायको शाल घडी करत होती.

“अगं, त्या चहाडखोराचं फावलं ना!”

“फोनही मीच केला होता.”

तो गर्रकन तिच्याकडे वळला.

“रात्रभर तुमची छाती भात्यासारखी वाजते. मेलात तरी लेकाच्या दारात आपणहून जाणार नाही तुम्ही. म्हटलं, सरकारने हाकललं तर जाल.”

ओठांवर आलेली शिवी त्याने गिळली. खोकला मात्र गिळता आला नाही.

मग पाना घेऊन तो बाहेर गेला, चावी बंद केली. आत येऊन एकेक नळ उघडला. मोरीतल्या नळाची धार बारीक होत थेंबांवर आली, थांबली. बायकोने सवयीने पिशवीचं तोंड उघडून पुढे धरलं. तिच्याकडे न बघता त्याने पाना आत ठेवला. आवाज न करता.