कापसाचा बोळा

परदेशातून येणाऱ्या मोटरचा पुरवठा बंद झाल्याचं पत्र आलं, तेव्हा ड्रोनच्या कारखान्यात सत्तावीस मोटर शिल्लक होत्या. एका ड्रोनला चार लागतात. म्हणजे सहा ड्रोन, आणि वर तीन मोटर कपाटात.

"आपणच बनवू," असं मोटर विभागाची प्रमुख बैठकीत म्हणाली. चार महिन्यांत तिने तीन बनवल्या. तिन्ही चाचणीत जळाल्या : अकराव्या, चौदाव्या आणि नवव्या मिनिटाला. अट सलग चाळीस मिनिटं चालण्याची होती. चौथी जळाली तर विभाग बंद आणि पुन्हा दुसरा परदेशी पुरवठादार, हे मालकांनी लेखी कळवलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी ती एक जळकी आणि एक परदेशी मोटर पिशवीत घालून आत्याकडे गेली. आत्या तीस वर्षं जळालेल्या पंपांना नवी तार गुंडाळून देत होती.

"एवढीशी? मोटर आहे की कानातलं?"

"चेष्टा नको गं आत्या. तीनदा तार बदलली."

"तारेनं तुझं काय घोडं मारलंय?"

आत्याने जळकी तार उलगडून काढली. आतल्या लोखंडी दातांवरून कापसाचा बोळा अलगद फिरवला. प्रत्येक कडेवर कापसाचे तंतू अडकले.

"बघ. डोळ्यांना दिसत नाही, कापसाला कळतं. ही धार तारेचं वार्निश खरवडतेय, उघडी तार लोखंडाला लागली की मोटर जळते. आता ती परदेशी पाहुणी आण."

परदेशी मोटरचे दात हिरव्या थराखाली होते. बोळा स्वच्छ निघाला.

तारेची जाडी, वेढे, चुंबक, सगळं प्रमुखाच्या विभागाने परदेशी मोटरवरून मोजून उतरवलं होतं. हिरवा थर मात्र रंग समजून सोडून दिला होता.

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात," आत्या म्हणाली, "तुझं तर अंगणच वाकडं निघालं, बाई. आण ती कानस."

संध्याकाळपर्यंत कारखान्यातून मागवलेल्या चौथ्या मोटरचे बाराही दात घासून, त्यांवर वार्निशचा जाड थर भट्टीत भाजून, आत्याने स्वतः तार भरली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता चाचणी सुरू झाली. ड्रोन पूर-बचाव पथकाला हवे होते. त्यांच्या तपासनीसाला कारखान्यात सगळे पाठीमागे 'घड्याळ' म्हणत. नववं मिनिट गेलं. अकरावं गेलं. चौदावंही गेलं.

"साहेब, चाळीस झाली," प्रमुख तपासनीसाला म्हणाली.

"दिसतंय मला. चालू दे."

परदेशी मोटर याच टेबलावर बावन्नाव्या मिनिटाला तापून बंद पडली होती. त्रेपन्नावं मिनिट लागलं तेव्हा सगळा विभाग कामं टाकून टेबलाभोवती उभा होता. नव्वदाव्या मिनिटाला 'घड्याळा'ने स्वतः बटण बंद केलं आणि सही केली.

"आता बाहेरून मागवू नका," तो मालकांना म्हणाला.

टाळ्या थांबेनात. प्रमुखाने त्या गोंगाटातच फोन लावला.

"आत्या, नव्वद मिनिटं!"

"मग बंद का केलीत? माझा पंप आठ तास चालतो." मग जरा थांबून, "ऐक, उद्या तुझी माणसं शिकायला पाठव. आणि येताना कापूस आणायला सांग, माझा संपलाय."