पाळकांचा चौथरा

यमुना ओसरली आणि दिल्लीतल्याच आर. के. पुरमहून स्वयंसेवक आले. नदीनं जैतपूरच्या खादरातल्या, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्यातल्या, छोट्या मराठी चर्चमध्ये गुडघाभर गाळ ठेवला होता. तो स्वयंसेवकांनी उपसला, हे कुसुमावतीबाई कुणापुढेही कबूल करत. सरकारी क्वार्टरांतली माणसं, पण पॅन्टा दुमडून उतरली, घमेली वाहिली. तक्रार त्यानंतरची होती.

बाई सरकारी इस्पितळातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या. पेन्शनीत परवडला तो प्लॉट नदीकाठी, म्हणून त्या इथे. पूर आला की गल्ली बुडायची आणि सगळी मंडळी पेट्या, गाद्या, पोरं घेऊन चर्चमध्ये शिरायची. पक्की इमारत तेवढी एकच. यंदा पाणी तिथंही आलं. म्हणून मदत मागताना मंडळीनं एकच मागितलं होतं : अख्ख्या चर्चचं जोतं उंच करा, म्हणजे पुढच्या वेळी बसायला कोरडी जागा राहील.

मदत समितीचे अध्यक्ष उल्हासराव केंद्र सरकारात अवर सचिव. त्यांनी मागणीचा सहानुभूतीपूर्वक विचार केला. त्या विचाराअंती विटा-सिमेंट सगळं वेदीपाशी लागलं आणि कमरेइतका उंच चौथरा उभा राहिला. वर संगमरवर. बाकांखालची फरशी होती तिथंच.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"व्यासपीठ. समर्पणविधीला बिशप येतायत, माताजी. ते काय खाली उभे राहणार?"

"माताजी बाहेर रस्त्यावर. इथं बाई म्हणा. आणि जोतं?"

"फेज टू. बिल्कुल होणार."

सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या बाईला फेज टू समजावून सांगावी लागत नाही. त्यांच्या वॉर्डाची लिफ्ट त्या रिटायर झाल्या तेव्हाही फेज टूमध्येच होती.

"म्हणजे पुढच्या पुरात तुम्ही वाचलात, पाळकसाहेब," त्या चर्चच्या तरुण धर्मगुरूंना, धीरज पाळकांना, म्हणाल्या. "आम्ही वाहत जाताना वरून आशीर्वाद द्या."

धीरज कसनुसे हसले. "मला नकोय हो तो चौथरा. पण उल्हासरावांशी बोलणार कोण?"

"बोलायचं कशाला? बसायचं."

रविवारी बिशप दारात आले तेव्हा खालची बाकं रिकामी होती. सगळी मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत चौथऱ्यावर. मधोमध बाई आपल्या लोखंडी पेटीवर, भोवती वळकट्या, शेगड्या, कडेवरची पोरं, कुणाचा तरी कुकर. कोपऱ्यात पाळक, पाय आखडून.

उल्हासराव हातातल्या हारासकट धावले. "बाई, मंडळीनं खाली बसायचं असतं."

"खाली पाणी येतं."

"आज कुठाय पाणी?"

"तालीम करतोय. पाण्याला बिशपसाहेबांसारखं आमंत्रण लागत नाही."

"उतरा, प्लीज. समितीच्या इज्जतीचा सवाल आहे."

"फेज टूमध्ये उतरू."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी वळून पाहिलं आणि हसू थांबलं, वॉर्डातली सवय. मग त्या सरळ बिशपांशीच बोलल्या. "साहेब, पाहुण्यांचा अपमान नाही हा. आम्हाला मावायला एवढीच उंच जागा बांधलीय. हा चौथरा फोडून विटा सगळ्या फरशीखाली घाला, आम्ही आपणहून खाली येऊ. तोवर इथंच."

बिशपांनी चौथरा पाहिला. मग बाकांच्या पायांवर अजून न वाळलेली ओल पाहिली. "संगमरवर नवीन दिसतोय," ते म्हणाले.

"मकराण्याचा, साहेब," उल्हासराव अभिमानानं म्हणाले.

बिशपांनी त्यांच्या हातातला हार काढून बाकावर ठेवला आणि भिंतीला टेकवलेलं घमेलं त्याच हातांत दिलं.

चौथऱ्यावर कुणी हललं नाही. पाळक उठू लागले, तर बाईंनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

"पहिली वीट निघू दे," त्या म्हणाल्या, आणि गीत त्यांनीच काढलं. उपासनेत एरवी त्याची तीनच कडवी म्हणतात. त्या दिवशी पाहुणे खाली उभे होते, म्हणून बाईंनी एकही सोडलं नाही.