गोणीचे कान

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची गाडी सगळ्यात लवकर रिकामी करायची ती इमामसाबच्या टोळीनं. आठ हमाल, प्रत्येकाच्या हातात लोखंडी आकडा. आकडा गोणीत खुपसायचा, गोणी ओढायची, पाठीवर घ्यायची. मुकादम म्हणून इमामसाबला या वेगाचा तोरा होता.

एके सकाळी करमाळ्याकडच्या शेतकरीण राजाबाईचा टेम्पो आला. गोण्या उतरत असताना म्हातारी खाली उभी राहून बघत होती. एका फाटलेल्या गोणीतून तिनं कांदा काढला आणि इमामसाबपुढं धरला. त्यात बोट जाईल एवढं भोक होतं.

"हे काय हाय?"

"एखादा लागतोच की, मावशी."

"ह्यो एक सडला की शेजारचे चार सडत्यात. किडीनं न्हाय खाल्ला ह्यो. तुझ्या आकड्यानं खाल्ला."

इमामसाबनं पुढची गोणी ओढली. पण दुपारी आडत्या सिद्रामप्पांच्या गाळ्यामागं, फेकून दिलेल्या कांद्याच्या ढिगापाशी तो जाऊन बसला. एकेक कांदा उलटून बघू लागला. निम्म्याहून जास्त कांद्यांना तसंच भोक. हा ढीग तो तीस वर्षं रोज बघत होता. आज पहिल्यांदा त्याला लाज वाटली.

"उद्यापासून आकडा बंद," त्यानं टोळीला सांगितलं.

"मग गोणी धरायची कुटं?" बिरुदेव म्हणाला. "हात निसटतोय की."

खरंच होतं ते. दुसऱ्या दिवशी नखं दुखावली, दोन गोण्या पडल्या, बाहेर गाड्या खोळंबल्या. सिद्रामप्पा ओरडत आले, "इमाम, काय चाललंय हे?"

"अप्पा, आठ दिवस द्या. नाही जमलं तर मीच मुकादमकी सोडतो."

सहाव्या दिवशी राजाबाई परत आली. हमाल गोण्यांना नुसत्या हातांनी झोंबतायत हे बघून ती थबकली. इमामसाबनं तिला अडचण सांगितली.

"धरायला काय न्हाय म्हणून आकडा लागतोय व्हय?" तिनं दाभण मागितलं. एका गोणीची शिवण उसवली, दोन्ही कोपऱ्यांत एकेक कांदा सारला, त्याखाली सुतळी करकचून आवळली आणि तोंड पुन्हा शिवलं. कोपऱ्यांना दोन कान फुटले. बिरुदेवनं ते धरले आणि हिसका दिला.

"आरं, आली की वर!"

सिद्रामप्पांनी आपल्या सगळ्या शेतकऱ्यांना निरोप धाडले, गोणीला कान ठेवा. महिनाभरात टोळीचा हात बसला. वेळही पूर्वीएवढाच लागू लागला. मग एक दिवस सिद्रामप्पा मोबाइल हातात घेऊनच गाळ्याबाहेर आले.

"बंगळूरचा व्यापारी म्हणतोय, गोण्या उघडल्या तर कांदा सडून एकसुद्धा ओली झालेली नाही. माल कुणी भरला म्हणून विचारतोय."

"मग काय सांगितलंत?" इमामसाबनं विचारलं.

"इमामसाबच्या टोळीनं. आणखी काय सांगणार?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टोळीचा मुकादम गुंडा आपली माणसं घेऊन हजर झाला. यार्डात दोघांचं कधी पटलं नव्हतं. गुंडानं पायाकडं बघत म्हटलं, "आमालाबी दाखवा की."

इमामसाबनं त्याला हात देऊन गाडीवर चढवलं. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो बांधायचं कसं, धरायचं कसं, खाली टेकवायचं कसं ते दाखवत राहिला.

घरी पोचल्यावर बायकोनं, इमामबीनं, ताट वाढता वाढता विचारलं, "आज उशीर?"

"शिकवत होतो."

"तुम्ही? काय शिकवत होता?"

"हमाली," इमामसाब म्हणाला आणि ताठ बसून जेवू लागला.