थांब म्हणेपर्यंत

भिंगरीला सूड घ्यायचा होता, आणि त्याची सोय खुद्द सरांनीच करून ठेवली होती.

भिंगरी हे घरचं नाव. लहानपणी पाय जमिनीला टेकायचे नाहीत म्हणून पडलेलं. आता टेकले की दुखायचे. गेल्या वर्षी आधी गुडघे सुरू झाले, मग पोटऱ्या, आणि आपल्याला का वगळलं म्हणून रुसल्यासारखी मनगटंही सामील झाली. रक्त तपासून झालं, हाडांचे फोटो काढून झाले, दोघातिघा डॉक्टरांनी पाय वाकवून, ठोकून पाहिले. सगळं उत्तम. "हे रिपोर्ट बघून मलाच हिचा हेवा वाटतोय," असं एक डॉक्टर म्हणाले, तेव्हा आई कसनुसं हसली. शेजारच्या काकूंचं निदान मोबाइल. दादाचं निदान गणिताचा पेपर.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते एवढंच म्हणाले, "अर्ध्या लिफ्ट मी पोचलो की शहाण्यासारख्या चालायला लागतात. म्हणून काय आत कुणी अडकलंच नव्हतं म्हणायचं?"

व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या मॅडमही त्याच पक्षातल्या. "कुठे काही मोडलेलं सापडलं नाही, म्हणजे दुखत नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "पण बसूनच राहिलीस तर आणखी दुखेल. बरं वाटलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत आणि वाईट दिवशी गादीला चिकटायचं नाही. रोज थोडं, ठरवलं तेवढंच." मग सकाळी गरम पाण्याची पिशवी, पाय ताणणं, शाळेच्या वाटेवर एकदा कट्ट्यावर टेकणं. भयंकर कंटाळवाणं होतं ते, पण भिंगरी नेटाने करत होती.

राहता राहिलं संचलनाचं पथक. पूर्वी ती पहिल्या रांगेत होती. पाय दुखायला लागल्यावर कवायतीच्या सरांनी तिला बाहेर काढलं आणि मैदानाच्या कडेला उभं केलं. "पाय चालत नाहीत ना? मग तोंड चालव. तू हुकूम द्यायचे." त्यांना वाटलं, पोरगी शरमेने दोन दिवसांत दुखणं विसरेल. झालं भलतंच. भिंगरीने पहिल्यांदा "सावधान" म्हटलं आणि छपरावरची कबुतरं उडाली. एवढा मोठा आवाज आपल्या आत इतकी वर्षं बिनभाड्याचा राहत होता, हे तिलाही नवीन होतं. दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरात सराव करायला लागली आणि दादा दार बडवायला लागला. स्पर्धा जवळ आली तेव्हा हुकूम देणारी म्हणून तिचंच नाव पक्कं झालं. शाळेत तिचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

आणि कॅप्टनला तेच सोसवत नव्हतं.

कॅप्टन म्हणजे पथकाच्या पुढे चालणारी मुलगी. पाय कंपासपेटीतल्या कर्कटकासारखे लांब, आणि जीभही तशीच टोकदार. वऱ्हांड्यातून भिंगरी दिसली की ती कमरेवर हात ठेवून लंगडायची. त्या मंगळवारी तर तिने कहर केला. मधल्या सुट्टीत गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळून ती वर्गात आली आणि फळ्यासमोर कोसळली. "आई गं. रिपोर्ट नॉर्मल आहे गं. पण चाचणी आली की दुखतं गं." वर्ग खदखदला. भिंगरीच्या बाकावरची, तिची सगळ्यात जवळची मैत्रीणही तोंडावर वही धरून हसली. खांदे हलत होते, लपतंय कुठे?

भिंगरी रडली नाही. तिने डबा बंद केला आणि विचार करायला लागली.

सरांचा एक नियम होता. मैदानावर हुकूम एकाचाच. स्पर्धेत प्रेक्षकांतून दुसऱ्या शाळेची कार्टी मुद्दाम काहीबाही ओरडतात, म्हणून सर स्वतःच मागून येऊन "थांब" ओरडायचे, आणि जो थांबेल त्याला पथकातून घरी पाठवायचे. "मी सांगो, मुख्याध्यापिका सांगोत. हुकूम देणारी थांब म्हणेपर्यंत पाय थांबता कामा नयेत." अशी चारपाच जणं गेली होती. उरलेल्यांच्या हाडात तो नियम मुरला होता.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी सरांना ऑफिसमधून बोलावणं आलं. "चालू ठेव गं," म्हणून ते गेले.

भिंगरीने चालू ठेवलं.

"पथक, जागच्या जागी, कदमताल."

धप धप धप धप. धूळ उडाली.

"गुडघे कमरेपर्यंत. मागची रांग, थांब. विश्राम."

मागची रांग थांबली. मग मधली. मग पुढची. एकेक रांग पाणी प्यायला लागली आणि मैदानावर एकटी कॅप्टन पाय आपटत राहिली.

"कॅप्टन, गुडघे वर. आणखी वर. तुझ्याकडे बघून बाकीच्या शिकतात."

आधी कॅप्टन हसली. मग तिने ओठ आवळले. मग मांड्या थरथरायला लागल्या. भिंगरी चालत अगदी तिच्यासमोर आली. तिचे स्वतःचे गुडघे ठणकत होते, पण त्या ठणक्याला आज कुणी विचारत नव्हतं.

"बास ना," कॅप्टन दबक्या आवाजात म्हणाली. "पाय दुखतायत."

"कुठे?"

"इथे. मांडीत."

भिंगरीने वाकून नीट पाहिलं. "सूज नाही. लालसुद्धा झालेलं नाही. मनाचे खेळ असतील."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. कालपर्यंत भिंगरीला हसणारंच कुणीतरी असणार. हसणाऱ्यांचं काय, वारा येईल तिकडे. पण काय गोड लागलं ते हसू.

"थांबव गं," कॅप्टनचा आवाज फुटला.

"तूच थांब की. आणि जा घरी."

तेवढ्यात सर परत आले. "हे काय चाललंय? थांब," ते ओरडले.

कॅप्टन थांबली नाही.

"अगं थांब म्हणतोय ना मी."

धप धप. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण तिचे डोळे भिंगरीच्या तोंडावर खिळले होते. स्पर्धा घालवायची तिची तयारी नव्हती. सर भिंगरीकडे वळले. "थांबव तिला."

"थांबवते, सर. आधी तिला सगळ्यांसमोर म्हणू द्या, की माझं दुखणं खरं आहे."

"खरं आहे," कॅप्टन हुंदका देत म्हणाली. "आहे खरं, आहे."

"आता तुम्ही, सर."

सरांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. "बरं बाई, आहे खरं. झालं समाधान?"

"पथक, थांब."

कॅप्टन मातीत बसली. सर म्हणाले, "उद्यापासून तू मैदानावर दिसायची नाहीस." भिंगरीने दप्तर उचललं. घरी पोचेपर्यंत तिचे पाय आगीसारखे झाले. ठरलेल्यापेक्षा फार जास्त उभी राहिली होती ती. आईने शेकायची पिशवी दिली आणि असं का केलंस विचारलं. भिंगरीने सगळं सांगितलं. हुकूम द्यायचं काम गेलं याचं तिला रडू आलं. केलं त्याचं नाही आलं.

शुक्रवारी प्रार्थनेनंतर ती जिना चढत होती, सवयीने कठडा धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकत. पुढे कॅप्टन. तीही कठडा धरून, दर पायरीला दात आवळत. दोघींनी मिळून जिना अडवला होता आणि मागे अख्खी शाळा तुंबली होती.

"हसू नकोस," कॅप्टन मागे न बघता म्हणाली.

"हसणारच." आणि भिंगरी पोटभर हसली.

"कधी जातं हे?"

"तुझं? परवापर्यंत जाईल. माझं कुणालाच माहीत नाही."

कॅप्टन आणखी दोन पायऱ्या चढली. "तुझ्या जागी हुकूम देणारी नवी मुलगी चिरकते. पाय एकत्र पडतच नाहीत. मी सरांना सांगितलंय, तूच हवीस. ते म्हणाले, येते का विचार."

"मग विचार."

"येतेस का?"

मागून कुणीतरी ढकललं, कुणीतरी चला ना गं म्हणून करवादलं. भिंगरी जागची हलली नाही.

"जरा मोठ्याने," ती म्हणाली. "खालच्या पायरीवर ऐकू गेलं नाही."